कौल जिंकूनही सिंहासन गमावलेला राजा: बेल्जियमचा ‘राजप्रश्न’ नेमका काय होता?

१२ मार्च १९५० रोजी बेल्जियममधील मतदारांसमोर एकच प्रश्न ठेवण्यात आला. राजे लिओपोल्ड तिसरे यांनी आपले घटनात्मक अधिकार पुन्हा हाती घ्यावेत, असे तुम्हाला वाटते का? ५७.६८ टक्के मतदारांनी ‘होय’ असे उत्तर दिले. राजे त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. जुलैमध्ये ते मायदेशी परतले आणि परतल्यानंतर अवघ्या दहा दिवसांत त्यांना आपले अधिकार थोरल्या मुलाकडे सोपवत असल्याचे जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी, १६ जुलै १९५१ रोजी, त्यांनी रीतसर पदत्याग केला. बहुमत मिळवूनही राजाला सिंहासन सोडावे लागले, हे कसे घडले, याचा उलगडा करण्यासाठी थोडे मागे, महायुद्धाच्या आरंभापर्यंत जावे लागते.

युद्धानंतरची पहिली पाच-सहा वर्षे युरोपातील राजघराण्यांसाठी परीक्षेची होती. इटलीत २ जून १९४६ च्या सार्वमतात जनतेने राजेशाही संपवली आणि राजे उंबेर्तो दुसरे यांना महिनाभराच्या कारकिर्दीनंतर देश सोडावा लागला. रुमानियाचे तरुण राजे मिहाय यांच्याकडून ३० डिसेंबर १९४७ रोजी सक्तीने पदत्यागपत्र लिहून घेण्यात आले. याउलट नॉर्वेचे राजे हाकोन सातवे ७ जून १९४५ रोजी ऑस्लोत परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला सारे शहर लोटले. बेल्जियमचे प्रकरण या सगळ्यांहून वेगळे आहे, कारण तिथे राजेशाही ठेवावी की नाही यावर फारसा वाद नव्हता. वाद होता तो एका माणसाविषयी आणि त्याने युद्धकाळात घेतलेल्या निर्णयांविषयी. त्या वादाला फ्रेंच आणि डच या दोन्ही भाषांत ‘राजप्रश्न’ असेच नाव पडले.

आधी बेल्जियमची राज्यव्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. हा देश १८३० मध्ये स्वतंत्र झाला आणि १८३१ मध्ये त्याने आपली राज्यघटना स्वीकारली. त्या घटनेनुसार राजाची व्यक्ती अभेद्य आहे, म्हणजे त्याला जाब विचारता येत नाही. मात्र राजाचा कोणताही आदेश एखाद्या मंत्र्याने त्यावर सही केल्याशिवाय अमलात येत नाही आणि त्या सहीबरोबर सारी जबाबदारी मंत्र्याकडे जाते. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार कारभार करतात, त्यामागची कल्पना साधारण हीच आहे. परंतु त्याच घटनेत आणखी एक कलम होते, ज्यानुसार राजा हा सैन्याचा प्रमुख होता. पहिल्या महायुद्धात लिओपोल्ड यांचे वडील राजे आल्बर्ट पहिले यांनी या कलमाचा शब्दशः अर्थ लावला आणि चार वर्षे इझर नदीच्या काठी आपल्या सैन्याबरोबर राहून ते लोकांच्या नजरेत वीरपुरुष ठरले. सेनापती म्हणून राजाला मंत्र्यांचा सल्ला बंधनकारक आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा तीव्रपणे उपस्थित झाला नाही, आणि म्हणून तो सुटलाही नाही. पुढे मुलाच्या वाट्याला आलेल्या संकटाचे मूळ मला इथे दिसते.

आल्बर्ट यांचा फेब्रुवारी १९३४ मध्ये कड्यावर चढाई करताना पडून मृत्यू झाला आणि ३२ वर्षांचे लिओपोल्ड गादीवर आले. त्यांची पत्नी, स्वीडनची राजकन्या अ‍ॅस्ट्रिड, ही लोकांची अतिशय लाडकी राणी होती. २९ ऑगस्ट १९३५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये क्यूसनाखट गावाजवळ झालेल्या मोटार अपघातात तिचा अंत झाला. गाडी स्वतः लिओपोल्ड चालवत होते. तीन लहान मुले मागे राहिली आणि दुःखी तरुण विधुर राजाची प्रतिमा देशाच्या मनात घर करून बसली. ही गोष्ट राजकारणाबाहेरची वाटली, तरी पुढे तिचा राजकारणाशी फार जवळचा संबंध येणार होता.

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. राजांनी सेनापतिपद स्वतःकडे घेतले. दोन आठवड्यांतच सैन्य समुद्राच्या दिशेने मागे रेटले गेले आणि पराभव अटळ असल्याचे दिसू लागले. २५ मे रोजी पहाटे वेस्ट फ्लँडर्समधील वाइनंडाले येथील गढीत पंतप्रधान उबेर पियर्लो, परराष्ट्रमंत्री पॉल-आन्री स्पाक आणि आणखी दोन मंत्री राजांना शेवटचे भेटले. राजप्रश्नाचा जन्म या भेटीत झाला, असे इतिहासकार म्हणतात ते योग्यच आहे. मंत्र्यांचे म्हणणे असे होते की सैन्याला शस्त्रे खाली ठेवावी लागली तरी राजाने शत्रूच्या हाती सापडू नये, देशाबाहेर जावे आणि मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढा चालू ठेवावा. लिओपोल्ड यांचे म्हणणे असे होते की सैनिकांना आणि जनतेला सोडून जाणे म्हणजे रण सोडून पळणे होय, फ्रान्सही लवकरच कोसळणार आहे आणि बेल्जियमपुरते हे युद्ध संपले आहे. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक होत्या. मात्र मंत्र्यांना आणखी एक भीती वाटत होती. राजा शत्रूच्या ताब्यातील देशात राहिला, तर त्याच्या नावाने तिथे एखादे आज्ञाधारक सरकार उभे केले जाईल, ही ती भीती. भेट निष्फळ ठरली. मंत्री फ्रान्सकडे निघून गेले आणि राजा सैन्याजवळ राहिला.

२८ मे १९४० रोजी पहाटे बेल्जियमच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी फ्रान्सचे पंतप्रधान पॉल रेनो यांनी रेडिओवरून लिओपोल्ड यांच्यावर विश्वासघाताचा आरोप केला आणि पियर्लो यांनीही त्यांच्यावर कठोर शब्दांत टीका केली. मंत्रिमंडळाने घटनेतील ८२ व्या कलमाचा आधार घेऊन राजा ‘राज्य करण्यास असमर्थ’ असल्याचे जाहीर केले. हे कलम लक्षात ठेवावे, कारण ते पुन्हा पुन्हा येणार आहे. राजा आजारी असेल, वेडा झाला असेल किंवा अन्य कारणाने राज्य करू शकत नसेल, तर मंत्र्यांनी तसे नोंदवून संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बोलवावीत आणि सभागृहांनी पुढील व्यवस्था करावी, असा त्याचा आशय होता. शत्रूच्या कैदेतील राजा हा असमर्थच मानला पाहिजे, असा अर्थ मंत्रिमंडळाने लावला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शरणागती हाच लिओपोल्ड यांचा गुन्हा होता, असे अनेकदा सांगितले जाते. लष्करी दृष्टीने त्या शरणागतीला फारसा पर्याय उरला नव्हता, हे पुढे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आणि रेनो यांचा आरोप अन्यायाचा होता, असेच माझेही मत आहे. देशात राहणे हादेखील मूळ आक्षेप नव्हता. डेन्मार्कचे राजे ख्रिस्तियान दहावे हेसुद्धा जर्मन ताब्यातील देशातच राहिले आणि युद्धानंतर त्यांचा सन्मानच झाला. फरक असा, की ख्रिस्तियान आपल्या मंत्रिमंडळाच्या सोबतीने राहिले, तर लिओपोल्ड मंत्रिमंडळाचा एकमुखी सल्ला बाजूला सारून राहिले. घटनात्मक राजाला आपल्या मंत्र्यांच्या धोरणाहून वेगळे असे स्वतःचे धोरण असू शकते का, हा राजप्रश्नाचा खरा गाभा आहे, आणि देशद्रोहाच्या आरोपांच्या धुरळ्यात तो वारंवार हरवला.

पुढच्या चार वर्षांत राजांच्या बाजूने बोलणे अवघड करणाऱ्या काही घटना घडल्या. लिओपोल्ड ब्रुसेल्सजवळच्या लाकेन येथील राजवाड्यात नजरकैदेत होते आणि आपण युद्धकैदी असल्यामुळे कोणतीही राजकीय कृती करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. असे असताना १९ नोव्हेंबर १९४० रोजी ते बेर्खतेसगाडेन येथे हिटलरला भेटले. ही भेट घडवून आणण्यात त्यांची बहीण मारी-जोझे हिचा हात होता. ती इटलीच्या युवराजाची, म्हणजे पुढे राजे झालेल्या उंबेर्तो यांची पत्नी. लिओपोल्ड यांनी युद्धकैद्यांची सुटका, अन्नपुरवठा आणि देशाचे स्वातंत्र्य हे विषय मांडले, पण हाती जवळपास काहीच लागले नाही. कैद्याने राजकारण करायचे नाही असे म्हणायचे आणि त्याच वेळी शत्रूच्या प्रमुखाशी देशाच्या भवितव्याची चर्चा करायची, या दोन गोष्टींचा मेळ त्यांच्या समर्थकांनाही नीट घालता आला नाही.

दुसरी घटना खाजगी होती आणि कदाचित तिनेच सर्वाधिक मने दुखावली. डिसेंबर १९४१ मध्ये बेल्जियमच्या चर्चमधून कार्डिनल व्हान रूय यांचे पत्र वाचून दाखवण्यात आले आणि राजांनी लिलियन बाल्स या तरुणीशी विवाह केल्याचे लोकांना समजले. लिलियन ही वेस्ट फ्लँडर्सच्या माजी गव्हर्नरांची कन्या होती. तिला राणीचे पद न देता ‘प्रिन्सेस द रेती’ (रेती हे एका गावाचे नाव) असा किताब देण्यात आला आणि तिच्या मुलांना गादीवर हक्क नसेल असे ठरले. बेल्जियमच्या घटनेनुसार आधी नागरी विवाह आणि मग धार्मिक विधी असा क्रम बंधनकारक आहे. इथे धार्मिक विवाह सप्टेंबरमध्येच गुपचूप उरकला होता आणि नागरी नोंदणी डिसेंबरमध्ये झाली. घटनेचा हा भंग कायदेपंडितांना खटकला. सामान्य माणसाला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. जर्मनांनी फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या, युद्धकैद्यांपैकी बहुतेकांना घरी सोडले होते आणि फ्रेंच बोलणारे वालून कैदी छावण्यांत अडकवून ठेवले होते. साठ हजारांहून अधिक सैनिक युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिले. आपणही तुमच्यासारखाच कैदी आहे असे म्हणणाऱ्या राजाने राजवाड्यात दुसरा संसार मांडला, ही बातमी वालोनियातील त्या घरांत कशी पोहोचली असेल, याची कल्पना करता येते. शिवाय अ‍ॅस्ट्रिडच्या आठवणीशी जोडलेली ती विधुर राजाची प्रतिमाही त्या दिवशी मोडली.

दरम्यान पियर्लो आणि स्पाक स्पेनमार्गे लंडनला पोहोचले होते आणि तिथून काँगोच्या वसाहतीतील साधनसंपत्तीच्या बळावर मित्रराष्ट्रांच्या बाजूने सरकार चालवत होते. युद्धाचा शेवट जसजसा जवळ आला, तसतसे समेटाचे प्रयत्नही झाले. परंतु लिओपोल्ड यांनी जानेवारी १९४४ मध्ये लिहून ठेवलेले ‘राजकीय मृत्युपत्र’ म्हणून ओळखले जाणारे निवेदन समेटाच्या मुळावरच आले. १९४० मध्ये आपल्यावर टीका करणाऱ्या मंत्र्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केल्याशिवाय त्यांना पदावर राहता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. प्रतिकार चळवळीत प्राण गमावणाऱ्यांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रुसेल्स मुक्त झाल्यावर हे निवेदन पियर्लो यांच्या हाती पडले, तेव्हा राजे देशात नव्हते, कारण जूनमध्ये नॉर्मंडीत मित्रसैन्य उतरताच जर्मनांनी त्यांना सहकुटुंब जर्मनीत हलवले होते. २० सप्टेंबर रोजी संसदेने राजांचे धाकटे बंधू शार्ल यांची राजप्रतिनिधी म्हणून निवड केली.

मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने ऑस्ट्रियातील स्ट्रोबल येथून राजांची मुक्तता केली. आता ते लगेच परततील असे वाटत होते, पण समाजवादी, कम्युनिस्ट आणि बहुतेक उदारमतवादी पक्षनेते विरोधात उभे राहिले, तर कॅथलिक पक्ष राजांच्या पाठीशी राहिला. जुलै १९४५ मध्ये संसदेने कायदा केला की राजाचे ‘असमर्थत्व’ संपले किंवा नाही, हे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीतच ठरेल. याचा अर्थ असा, की कैदेतून सुटूनही राजांना घरी येण्यासाठी संसदेची परवानगी आवश्यक झाली. लिओपोल्ड जिनिव्हाजवळच्या प्रेन्यी येथे राहू लागले आणि पाच वर्षे प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

तो पुन्हा उसळला तो स्त्रियांच्या मताधिकारामुळे. बेल्जियममध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९४८ मध्ये मिळाला आणि जून १९४९ च्या निवडणुकीत त्यांनी तो प्रथमच बजावला. कॅथलिक पक्षाचे बळ वाढले, पण कनिष्ठ सभागृहातील २१२ पैकी १०५ जागांवर ते थांबले. बहुमताला दोन जागा कमी पडल्या. त्यामुळे उदारमतवाद्यांच्या साथीने सरकार बनले आणि तडजोड म्हणून जनतेचा कौल घेण्याचे ठरले. हा कौल सल्ल्यापुरताच होता, कारण घटनेत बंधनकारक सार्वमताला स्थान नव्हते. लिओपोल्ड यांनी स्वतःहून जाहीर केले की ५५ टक्क्यांपेक्षा कमी पाठिंबा मिळाल्यास आपण परतणार नाही.

कौलाचे एकत्रित आकडे आपण आरंभीच पाहिले. खरी गोष्ट त्यांच्या पोटात दडलेली आहे. डच भाषक फ्लँडर्समध्ये सुमारे ७२ टक्के मते राजांच्या बाजूने पडली. फ्रेंच भाषक वालोनियात ‘होय’ म्हणणारे ४२ टक्केच होते आणि राजधानी ब्रुसेल्सच्या परिसरात ४८ टक्के. वालोनियातही लक्झेंबर्ग आणि नामूर या शेतीप्रधान प्रांतांनी राजांना साथ दिली होती, पण कोळसा आणि पोलाद यांवर जगणाऱ्या लिएज आणि एनो या प्रांतांनी त्यांना स्पष्ट नकार दिला. थोडक्यात, देशाने ‘होय’ म्हटले, पण देशाच्या एका भागाने आणि औद्योगिक कामगारवर्गाने ‘नाही’ म्हटले, आणि त्या भागात देशाचे मोठे कारखाने, खाणी आणि बलाढ्य कामगार संघटना होत्या. इटलीच्या सार्वमताशी इथे एक साम्य दिसते. तिथेही उत्तरेने प्रजासत्ताकाला आणि दक्षिणेने राजाला मते दिली होती. मारी-जोझे सार्वमत हरल्यामुळे राणीपदावरून गेली. तिचा भाऊ सार्वमत जिंकला आणि तरीही गेला.

४ जून १९५० च्या निवडणुकीत कॅथलिक पक्षाला एकट्याच्या बळावर निसटते बहुमत मिळाले. २० जुलै रोजी संयुक्त बैठकीत राजांचे असमर्थत्व संपल्याचा ठराव झाला, मात्र मतदानाआधी विरोधक सभात्याग करून निघून गेले. २२ जुलैला सकाळी लिओपोल्ड विमानाने ब्रुसेल्समध्ये उतरले आणि सैनिकांच्या रांगांमधून लाकेनला पोहोचले. एव्हाना वालोनियात संपाची लाट उसळली होती. खाणी, पोलाद कारखाने आणि रेल्वे बंद पडू लागल्या, रुळांवर घातपात झाले आणि लिएजमध्ये आंद्रे रनार यांच्यासारख्या कामगार नेत्यांच्या भोवती वालोनियाच्या वेगळ्या सरकारची भाषा उघडपणे होऊ लागली. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले अध्यक्षपद भूषवलेले स्पाक आता ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर निदर्शकांच्या अग्रभागी होते. ३० जुलै रोजी लिएजजवळच्या ग्रास-बेर्लर गावात एका सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे तिथेच मरण पावले आणि चौथा जखमी नंतर दगावला. त्यानंतर १ ऑगस्टला ब्रुसेल्सवर मोर्चा नेण्याची हाक दिली गेली.

३१ जुलैची रात्र वाटाघाटींत गेली. नाझी छावण्यांतून परतलेल्या राजकीय कैद्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी राजांना भेटले आणि रक्तपात टाळण्यासाठी बाजूला होण्याची विनंती त्यांनी केली. राजांच्या स्वतःच्या पक्षीय समर्थकांपैकी कित्येकांनाही आता पुढे रेटणे धोक्याचे वाटू लागले होते. १ ऑगस्टच्या सकाळी जाहीर झाले की लिओपोल्ड आपले अधिकार युवराज बोदुआँ यांच्याकडे सोपवतील आणि ते २१ वर्षांचे होण्याच्या सुमारास पदत्याग करतील. मोर्चा रद्द झाला. ज्यांनी मार्चमध्ये मत देऊन विजय मिळवला होता, त्या फ्लेमिश मतदारांना ही उघड फसवणूक वाटली आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती. आपण नियमाने जिंकलो आणि रस्त्यावरच्या ताकदीने ते हिरावून घेतले, ही सल फ्लँडर्समध्ये पुढे दीर्घकाळ राहिली. दुसरीकडे, आपल्यावर बहुसंख्येच्या बळावर काहीही लादले जाऊ शकते, ही भीती वालोनियात पक्की झाली. रनार यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी संघराज्याची जी मागणी लावून धरली, तिच्यामागे १९५० चा हा अनुभवही होता. १९९३ मध्ये बेल्जियम अधिकृतपणे संघराज्य झाले. १९५० नंतर त्या देशात आजवर एकदाही राष्ट्रव्यापी जनमत कौल घेतला गेलेला नाही.

११ ऑगस्ट १९५० रोजी बोदुआँ यांनी संसदेत शपथ घेतली, तेव्हा कम्युनिस्टांच्या बाकांवरून ‘प्रजासत्ताकाचा विजय असो’ अशी घोषणा उमटली. ती घोषणा ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या ज्युलियाँ लाओ या कम्युनिस्ट नेत्याची आठवडाभरातच, १८ ऑगस्टला, सेराँ येथील त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली. त्या खुनासाठी कोणालाही कधीच शिक्षा झाली नाही.

बोदुआँ यांची कारकीर्द १९९३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालली आणि मंत्र्यांशी उघड बिघाड होऊ न देण्याची काळजी त्यांनी आयुष्यभर घेतली. एकदाच तो प्रसंग आला. १९९० मध्ये संसदेने गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा मंजूर केला. बोदुआँ कट्टर कॅथलिक होते आणि त्या कायद्यावर सही करणे आपल्या सद्सद्विवेकाला मान्य नाही, असे त्यांनी पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स यांना पत्राने कळवले. राजाचे वैयक्तिक मत आणि मंत्रिमंडळाचा निर्णय यांच्यातील तो जुना संघर्ष पुन्हा उभा राहिला होता. या वेळी मात्र दोन्ही बाजूंनी मिळून मार्ग काढला, आणि तो मार्ग ८२ व्या कलमाचा होता. मंत्रिमंडळाने राजा ‘राज्य करण्यास असमर्थ’ असल्याचे जाहीर केले, राजाचे अधिकार स्वतःकडे घेऊन कायद्यावर सह्या केल्या आणि ५ एप्रिल १९९० रोजी दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून असमर्थत्व संपल्याचा ठराव केला. वडिलांच्या वेळी दहा वर्षे चाललेले असमर्थत्व या खेपेला दीड दिवसात संपले. वयाची विशी पूर्ण होण्याआधी शपथ घेतलेले बोदुआँ तेव्हा ५९ वर्षांचे होते.